घशाखाली उतरेपर्यंत

यवतमाळहून दारव्हा ओलांडून पुसदेकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत दिग्रस लागते ते काळ्या कसदार रानाच्या मध्यावर, धावंडा नदीच्या काठी. आणि या गावाची काय विशेषता म्हणून विचारले, तर बाजाराला आलेला मनुष्य प्रथम संत घंटीबाबांचे नाव घेतो, मग कापसाच्या भावाची कहाणी सांगतो आणि वेळ उरला तर अरुणावतीच्या धरणाचा पत्ता देतो. रोगराईचा विषय तो आपण होऊन काढीत नाही. वऱ्हाडच्या जुन्या दप्तरात हा मुलूख वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५ साली त्या जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि कालांतराने दिग्रस दारव्हा तालुक्यातून निघून स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण बनले. परंतु महसूल खात्याच्या या फेरफारांची वार्ता ज्यांच्या कानी कधीच गेली नाही, असे काही पुरातन रहिवासी या साऱ्या मुलखात निजामाच्या अमलापासून, किंबहुना त्याच्याही पूर्वीपासून, सुखेनैव नांदत आले आहेत. त्यांचा मुक्काम मनुष्याच्या आतड्यात, यकृतात, रक्तात आणि रसवाहिन्यांत. जंत, अंकुशकृमी, हिवतापाचे सूक्ष्मजीव, हत्तीरोगाचे सुतासारखे कृमी, असा हा परोपजीवींचा परिवार आहे.

त्यांच्यावरील इलाजाची कथा इतर रोगांच्या इलाजाहून निराळी आहे. ज्याला आपण आजारी आहो असे वाटते तो दवाखान्याची पायरी चढतो, हा वैद्यकाचा जगन्मान्य दस्तूर. येथे मात्र जो स्वतःला ठणठणीत समजतो त्याच्या ओट्याची पायरी सरकारला चढावी लागते, आणि न मागितलेले औषध हातावर ठेवून ते गिळण्याची विनवणी करावी लागते. यातील बहुतेक रोगांवर गुणकारी औषधे आज उपलब्ध आहेत, ती स्वस्त आहेत, अनेकदा फुकटही आहेत. औषधाच्या कारखान्यापासून गावातील आशाताईच्या पिशवीपर्यंतचा शेकडो कोसांचा प्रवास सुखरूप पार पडतो, आणि तळहातापासून घशापर्यंतच्या वीतभर अंतरात सारे घोडे अडते. हे वीतभर अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कृमींची ओळख आपल्याला नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांच्या चिकित्सेचे तीन मार्ग दाखविले आहेत: कृमी ओढून वा शोधनाने बाहेर काढणे हे अपकर्षण, ज्या परिस्थितीत ते वाढतात ती परिस्थिती कडू, तिखट, तुरट व क्षारयुक्त द्रव्यांनी पालटून टाकणे हा प्रकृतिविघात, आणि ज्या कारणांनी ते उत्पन्न होतात ती कारणेच टाळणे हे निदानपरिवर्जन. वीस प्रकारांची ती गणना आधुनिक प्राणिशास्त्राशी जुळणार नाही, आणि ती जुळविण्याचा अट्टाहास करणाऱ्यांविषयी मला आदर असला तरी त्यांच्या उद्योगात रस नाही. परंतु चिकित्सेची ही त्रिविध विभागणी मात्र इतकी समर्पक आहे की आजच्या कोणत्याही राष्ट्रीय कार्यक्रमाचे कागद तिच्याखाली विनासायास लावता येतील.

घरगुती वैद्यकाने हीच तत्त्वे आपल्या परीने सांभाळली. तान्ह्या मुलाला वावडिंगाचे पाणी पाजण्याचा परिपाठ महाराष्ट्रातल्या घराघरात होता, आणि फाल्गुनात ज्या पळसाने यवतमाळचे जंगल पेटल्यासारखे दिसते, त्याच्याच चपट्या बिया, ज्यांना आपल्याकडे पळसपापडी म्हणतात, उगाळून गुळात कालवून जंत झालेल्या पोराला चाटवीत आणि वरून एरंडेलाचा जुलाब देत. पळसपापडीत कृमिघ्न द्रव्य खरोखरच आहे, आणि त्याची मात्रा चुकली तर ते बाधकही होते. म्हणूनच हे औषध आजीच्या हाती होते, ज्याच्या त्याच्या हाती नव्हते. किरमाणी ओव्याच्या जातीतल्या झुडपाच्या कळ्यांपासून काढलेले सँटोनीन हे एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांचे जंतांवरील आवडते औषध. ते घेतल्यावर काही काळ रोग्याला सारे जग पिवळे दिसू लागे. आमांशावर कुड्याची साल आणि इंद्रजव हे आपल्या वैद्यांचे हुकमी द्रव्य. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात रामनाथ चोप्रा यांनी त्याची आधुनिक पद्धतीने परीक्षा केली. या जुन्या औषधांची थोरवी गाण्याचा हा प्रसंग नव्हे. त्यांतील बहुतेक अपुरी होती आणि काही तर घातक होती. परंतु एका बाबतीत ती नव्या गोळ्यांहून भाग्यवान ठरली: मूल नाक मुरडीत असले तरी मांडीवर आडवे घेऊन, नाक दाबून, ते औषध पोटात जाईपर्यंत आजी जागची हलत नसे.

ज्या रोगावर औषधच नव्हते, तो रोग मात्र आपण समूळ घालविला, हा या इतिहासातील विलक्षण योगायोग सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. नारू हे नाव आज तिशीच्या आतील वाचकाला अपरिचित असेल. त्याच्या आजोबांना ते पुरेपूर परिचित होते. ज्या विहिरीत वा बारवेत माणसे पायऱ्यांनी उतरून पाणी भरीत, त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलचर असतात. नारूची पिले त्यांच्या पोटात वाढतात, पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात, आणि सुमारे वर्षभराने हातभराहून लांब मादी पायाची कातडी फोडून डोके बाहेर काढते. आग इतकी असह्य की रोगी पाय पाण्यात बुडवितो, आणि तो पाय बुडताच मादी आपली लक्षावधी पिले त्याच पाण्यात सोडते. हा क्रम रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको याने तुर्केस्तानात १८७० च्या सुमारास उलगडला. इलाज एकच होता आणि तो हजारो वर्षे एकच राहिला: बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढावयाचे, आणि तुटला तर पाय सुजून रोगी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळावयाचा. नारू उपटे तोही बहुधा शेतीच्या ऐन हंगामात, म्हणजे दुखणे एकाचे आणि पेरणी साऱ्या घराची बुडे.

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा देशात सुमारे ४० हजार रोगी होते, आणि ज्या सात राज्यांत ते विखुरले होते त्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. गोळी नाही, लस नाही, इंजेक्शन नाही. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या रहाटाच्या केल्या, हातपंप बसविले, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारले, आणि घरोघरी सांगितले की पाणी दुहेरी कापडातून गाळल्याविना पिऊ नका. चरकाच्या भाषेत हे शुद्ध निदानपरिवर्जन होय. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे या कृमीने पीडित होती. अलीकडच्या वर्षांत साऱ्या जगात मिळून वर्षाकाठी वीस रोगीही सापडत नाहीत. येथे विनवणी होती ती गोळी गिळण्याची नव्हे, तर गाळण्याचे फडके हंड्याच्या तोंडावर बांधण्याची. आणि ती विनवणी लोकांनी मानली, कारण नारू डोळ्यांना दिसत होता. पायातून निघणाऱ्या कृमीविषयी कोणाला शंका राहत नाही.

हत्तीरोगाचे नेमके उलट आहे. कृमी दिसत नाही, त्याची पिले दिवसा रक्तात सापडत नाहीत, आणि पाय सुजतो तेव्हा पुष्कळदा कृमी मरून गेलेला असतो. पूर्व विदर्भ आणि वऱ्हाड हा या रोगाचा जुना प्रदेश. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली यांच्या जोडीला यवतमाळ जिल्हाही हत्तीरोगग्रस्त म्हणून नोंदला गेला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. भास्कर हरिनाथ यांनी आपल्या कारकिर्दीतील कित्येक वर्षे याच रोगाचे निदान रक्तातून लवकर कसे करता येईल या एका प्रश्नासाठी वेचली, ती उगाच नव्हे.

कृमीची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, सुताएवढी जाड. ती मांडीच्या वा जांघेच्या रसवाहिनीत घर करते आणि पाच-सहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक, पिले प्रसवीत राहते. १८७२ मध्ये टिमथी लेविस याने कलकत्त्यात ही पिले मनुष्याच्या रक्तात पाहिली, आणि पुढे चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने दाखविले की ती डासाच्या पोटात जाऊन वाढतात. मॅन्सनलाच उमगलेली दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक: ही पिले दिवसा फुफ्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहाच्या पुढे, ज्या वेळी क्युलेक्स जातीचा डास चावावयास बाहेर पडतो नेमक्या त्याच वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या कचेरीतील पथके हत्तीरोगाच्या शोधासाठी निघतात ती रात्री. गाव निजानीज होण्याच्या सुमारास विजेरी घेऊन दार ठोठावतात आणि बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात. झोपेतून उठवून रक्त मागणाऱ्या सरकारी माणसाचे स्वागत कोणत्या शब्दांनी होत असेल, याची कल्पना वऱ्हाडी बोली ठाऊक असणाऱ्यांनी करावी.

हा डास घाण पाण्यात वाढतो. दिग्रससारख्या बाजारगावात उघडी गटारे, तुंबलेली मोरी, न्हाणीचे साचलेले पाणी आणि झाकण नसलेली शौचखड्ड्यांची नळी, एवढी सामग्री त्याला पुरते. एका-दोन चाव्यांनी हा रोग जडत नाही, वर्षानुवर्षे शेकडो चावे बसावे लागतात; परंतु आमच्या गावांनी ही अटही दीर्घकाळ निमूटपणे पूर्ण केली आहे. लागण लहानपणी होते, लक्षण तारुण्यात वा त्यानंतर उमटते: पुरुषांत बहुधा अंडवृद्धी, आणि स्त्री-पुरुष दोघांत हत्तीपाय. ज्यांच्या रक्तात पिले फिरतात अशा बहुसंख्य माणसांत मात्र कोणतेच बाह्य लक्षण नसते. ती शेतात राबतात, लग्ने करतात, वारीला जातात, आणि शेजाऱ्याच्या डासाला रोज रात्री रसद पुरवितात.

या पिलांवरील पहिले खरे औषध एका भारतीयाच्या देखरेखीखाली तयार झाले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारशी सांगितली नाही. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरले प्रयोगशाळेच्या संशोधनविभागाचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराच्या बेटांवर लढलेल्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाली, तेव्हा त्यावर औषध शोधण्याची निकड तिकडे निर्माण झाली, आणि १९४७ साली त्यांच्या चमूने डायएथिलकार्बामाझीन, संक्षेपाने डीईसी, सिद्ध केले. पुढच्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. डीईसी पिलांचा नायनाट झपाट्याने करते. प्रौढ कृमीवर मात्र त्याची मात्रा अर्धवटच चालते. दुसरे औषध अल्बेंडॅझोल, जे कृमीचे अन्नशोषण बंद पाडून त्याला उपाशी मारते. तिसरे आयव्हरमेक्टिन: जपानच्या सातोशी ओमुरा यांनी समुद्रकाठच्या कावाना येथील गोल्फ मैदानाजवळील मातीतून वेचलेल्या एका जंतूपासून ते आले, अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांनी त्याची परीक्षा केली, आणि दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभी ते गुराढोरांचे औषध होते. १९८७ पासून मर्क कंपनीने नदीकाठच्या अंधत्वाच्या निर्मूलनासाठी ते फुकट देण्यास आरंभ केला, आणि हत्तीरोगासाठी ही तिन्ही औषधे एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केली. भारतात हा त्रिविध प्रयोग प्रथम ज्या पाच जिल्ह्यांत झाला त्यांत महाराष्ट्रातील नागपूर होते; तेथे २०१९ च्या आरंभी तो सुरू झाला.

सामुदायिक औषधोपचार मोहीम म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला ती फार सोपी वाटते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे वगळून गावातील प्रत्येकाने, रोग असो वा नसो, वर्षातून एकदा आपल्या वयाच्या मानाने ठरलेल्या गोळ्या, आणि जेथे आयव्हरमेक्टिन दिले जाते तेथे उंचीच्या पट्टीने मोजून त्याच्या गोळ्या, जेवणानंतर घ्यावयाच्या; नव्वद सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला आयव्हरमेक्टिन द्यावयाचे नाही; अल्बेंडॅझोल चावून खावयाचे. हे पाच-सहा वर्षे चालले, आणि गावातील एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के माणसांनी दर वर्षी औषध खरोखर घेतले, तर कृमींचे आयुष्य संपते आणि नव्या पिढीला संसर्ग पोचत नाही. हिशेब बिनचूक आहे. त्यात अडचण आहे ती ‘खरोखर’ या एका अटीची.

कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत दिग्रसच्या आसपासची गावे उजाडता उजाडता रिकामी होतात. आशाताई सकाळी गेली तर घरी म्हातारी आणि पाळण्यातले पोर. संध्याकाळी गेली तर थकून आलेली माणसे, चूल न पेटलेली, आणि उपाशी पोटी औषध द्यावयाचे नाही हा नियम. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेली तर तेथली कुटुंबेच्या कुटुंबे हंगामी कामाला परगावी गेलेली. आणि जो मनुष्य घरी, जेवलेला आणि अंगाने धडधाकट असा सापडतो, तो विचारतो, “मले काई झालं नाई, मंग ह्या गोया कायले खाऊ?” या प्रश्नात अडाणीपणा नाही. वैद्यकाच्या ज्या दस्तुराचा उल्लेख वर केला त्याचाच हा वऱ्हाडी अनुवाद आहे; शहरातला पदवीधर हाच प्रश्न शुद्ध मराठीत विचारतो आणि गोळ्या कपाटात ठेवून देतो. खेड्यातला निदान तोंडावर नकार देतो, किंवा म्हणतो, “ठेवून जा वं बाई, जेवल्यावर घेतो.” आणि आशाताई, जिला ही गोळी कोनाड्यात किती वर्षे पडून राहते हे पुरते ठाऊक असते, ती उत्तरते, “नाई आबाजी, माह्यासमोरच घ्या. मले वरतं सांगा लागते.”

माझ्या मते साऱ्या मोहिमेचे मर्म या एका संवादात आहे. पूर्वी गोळ्या वाटल्या गेल्या आणि वाटलेल्या गोळ्यांची नोंद झाली. नोंदवहीत गाव भरलेले आणि पोटात गोळी नाही, अशी दोन सत्ये शेजारी शेजारी राहिली. समक्ष सेवनाचा आग्रह त्यातूनच आला. जो माणूस एकाही वर्षी गोळी घेत नाही, तो गावातल्या बाकीच्यांनी गिळलेल्या गोळ्या व्यर्थ घालवू शकतो; कारण डास नोंदवही वाचीत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते, अंग मोडून येते, आणि त्याची बातमी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात तिप्पट होऊन पोचते. वस्तुतः हा ताप बहुधा त्यांनाच येतो ज्यांच्या रक्तात पिले असतात. एकदम मेलेल्या पिलांचे अवशेष शरीराला डिवचतात आणि एक-दोन दिवसांत ते सारे शमते. म्हणजे ज्याला गोळी बाधली असे गाव म्हणते, त्यालाच तिची सर्वांत अधिक गरज होती. हे वाक्य मोहिमेआधी सांगितले तर ज्ञान ठरते, मोहिमेनंतर सांगितले तर सबब ठरते. शीघ्र प्रतिसाद पथके तैनात असतात, आणि ती असलीच पाहिजेत. परंतु तापाची पूर्वसूचना ज्या भाषेत द्यावयाची ती भाषा सरकारी पत्रकाची असू नये. तांड्यावर ती गोरमाटीत असावी, उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात उर्दूत असावी, आणि जिच्यावर गाव आधीच विश्वास ठेवते अशा बाईच्या तोंडून यावी. या बाईला मिळणाऱ्या मोबदल्याचा विचार केला, की राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमांविषयी मनात जे येते ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नसते.

साऱ्या गावाला औषध पाजण्याच्या या खटाटोपाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, विदर्भातच, एकाच मनुष्यासाठी साऱ्या जगाने औषध शोधल्याची एक घटना आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला राहून राहून ताप येऊ लागला, आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम जातीचे सळसळणारे परोपजीवी दिसले. ते होते गुराढोरांना, घोड्या-उंटांना सर्रा नावाचा रोग देणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या जातीचे, जी माणसाला बाधत नाही असेच तोवर समजले जात होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने जगातील हा पहिलाच मानवी रोगी नोंदविला. आफ्रिकेतील निद्रारोगावर विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत शोधलेले सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने पुरविले. मेंदूपर्यंत परोपजीवी पोचले नसल्याने ते पुरेसे पडले आणि रोगी बरा झाला. पुढे असे निष्पन्न झाले की सर्व माणसांच्या रक्तरसात या परोपजीवीला मारणारे एक प्रथिन, अपोलायपोप्रोटीन एल-१, असते, आणि या मनुष्यात आई-बापांकडून आलेल्या दोन्ही जनुकांतील दोषामुळे तेच नव्हते. त्या गावातील १,८०६ लोकांचे रक्त तपासण्यात आले. काहींच्या रक्तात संपर्काच्या खुणा मिळाल्या, जिवंत परोपजीवी कोणाच्याही रक्तात दिसला नाही. या रोग्याला औषध घेण्याची विनवणी कोणाला करावी लागली नसेल. ताप अंगात होता.

हिवतापाची कथा या दोहोंच्या मधली. १८९७ च्या ऑगस्टात निजामाच्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी पाहिले. त्या वेळी वऱ्हाडचा नामधारी धनीही निजामच होता. कोयनेल ही कडू पूड म्हणजे हिवतापाचे औषध, हे आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. स्वातंत्र्यानंतर डीडीटीच्या फवाऱ्याने १९५३ च्या सुमारास वर्षाकाठी साडेसात कोटी असलेले रोगी १९६५ पर्यंत लाखाच्या आसपास आले, आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेले. आजही व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात परोपजीवी यकृतात सुप्त राहतात आणि त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, आणि पाचव्या दिवशी रोगी शेतात असतो, गोळ्या खुंटीला. म्हणजे जो मनुष्य आजारी असताना आज्ञाधारक होता, तोही बरे वाटताच ‘मले काई झालं नाई’ या पक्षाला जाऊन मिळतो.

मुलांच्या जंतांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तेथे शाळा नावाची आजी आहे. २०१५ पासून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास, एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडॅझोलची गोळी शिक्षकांच्या देखत चावावयास लावतात, आणि गैरहजर मुलांना आठवड्याभराने पुन्हा गाठतात. शाळा न पाहणारी मुले यातून निसटतात, तेवढेच. मात्र मातीत पडलेली जंतांची अंडी वर्षानुवर्षे टिकतात, आणि अनवाणी पायाने ओल्या बांधावर चालणाऱ्या मजुराच्या कातडीतून अंकुशकृमी पुन्हा आत शिरून त्याचे रक्त शोषू लागतो. म्हणून शौचकूप आणि पायताण नसेल तेथे गोळीचा गुण सहा महिन्यांचा.

आता ज्यांचे पाय हत्तीरोगाने सुजून गेलेले आहेत त्यांच्याविषयी. मोहिमेच्या आकड्यांत त्यांना स्थान नसते, कारण त्यांचा पाय कोणत्याही गोळीने पूर्ववत होत नाही, आणि हे कळल्यावर बहुतेक रोगी दवाखान्याकडे पाठ फिरवितात. हीच मोठी हानी आहे. पाय वाढत जातो तो आता कृमीमुळे नव्हे. निकामी झालेल्या रसवाहिन्यांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या भेगांतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज एक पायरी वर चढते. झटके थांबले तर वाढ थांबते. त्यासाठी रोज दोनदा साबणाने पाय धुणे, बोटांमधली जागा मऊ फडक्याने टिपून पूर्ण कोरडी करणे, चिखल्यांना मलम लावणे, बसताना-निजताना पाय उंच ठेवणे, घोटा हालविण्याचा व्यायाम करणे आणि सैल पण बंद पायताण वापरणे, एवढेच करावयाचे असते. आरोग्य खात्याचे कर्मचारी हे करून दाखवितात आणि त्याचे साहित्य देतात. ही शुश्रूषा रोजची, कंटाळवाणी आणि अप्रतिष्ठित आहे, म्हणूनच तिची जाहिरात होत नाही. परंतु जी वृद्ध बाई वर्षातून चार-पाच वेळा ताप भरून अंथरूण धरीत असे, तिला या धुण्या-पुसण्याने वर्ष निभावून नेता येते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात याचे मोल काय, ते घरच सांगू शकेल. अंडवृद्धीचे तर याहून सोपे आहे: ती शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होते. लज्जेने धोतराआड वीस-वीस वर्षे लपविलेले दुखणे एका लहानशा शस्त्रक्रियेने सुटते, आणि सरकारी रुग्णालयात तिला पैसा पडत नाही.

दिग्रस, दारव्हा, पुसद, आर्णी या भागातील ज्या वाचकांच्या घरी वा शेजारी असा रोगी असेल, त्यांनी त्याला एकदा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जावे. आणि मोहिमेची बाई दारात येईल त्या दिवशी जेवण उरकून बसावे. तिला पाणी विचारावे, एक पेला स्वतःसाठीही भरावा, आणि गोळ्या तिच्या देखत घ्याव्यात.